घडी घालून दिलेला शर्ट

आमच्या युनियनचा वार्षिक मेळावा असतो त्या दिवशी मला न्यायला रिक्षा येते. मी पुढच्या रांगेत बसते, शाल पांघरून घेते, नारळ मांडीवर ठेवते. मग माइकवरून कुणीतरी सांगतं की ह्याच त्या मावशी, ज्यांनी मॅनेजरच्या समोर अंगातला शर्ट काढून फेकला आणि तिथून लढा सुरू झाला. टाळ्या वाजतात. नवीन लागलेल्या पोरी माझ्याकडं मी लांडगा मारल्यासारखं बघतात.

शर्ट मी काढला होता हे खरं आहे. फेकला मात्र नव्हता. त्याची घडी घातली होती. कॉलर नीट बसली नाही म्हणून ती मोडून पुन्हा घातली होती. साहेबांच्या हातात दिला आणि वर "येते साहेब" असंही म्हणाले होते. त्या दिवशी शर्ट द्यायचा नाही असं सगळ्या बायांनी ठरवलं होतं, आणि ते मला एकटीलाच माहीत नव्हतं.

हे मी दर मेळाव्याला सांगते. पोरींना वाटतं मावशी विनयानं बोलते. विनय माझ्यात कधीच नव्हता. माझी सासू असती तर तिनं साक्ष दिली असती. म्हणून आता लिहूनच ठेवते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेवढी ह्याला पुरेल.

आमचं गाव पाचोडकडचं. आमची मेंढरं होती. दुष्काळ लागला तसा आधी चारा संपला, मग पाणी, मग मेंढरं. गावातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडली. मोसंबीचं लाकूड चांगलं जळतं हे मला तेव्हा कळलं. नवरा त्याच्या आधीच वारला होता. कामाच्या वेळेला नेमका नसायचा तो, ह्या वेळीही नव्हता.

लेक शहरात सेंट्रिंगच्या कामावर होता, त्याच्यामागं मी बोचकं घेऊन आले. तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. शहर बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं. आज ज्वारीचं रान दिसायचं, दुसऱ्या दिवशी त्यात चुन्याच्या रेषा दिसायच्या, आणि वर्षभरात तिथं गच्चीवर कपडे वाळत असायचे. आम्ही गुंठेवारीतल्या एका वस्तीत खोली भाड्यानं घेतली. खोलीत नळ होता. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी. पुढं लेक पुण्याकडं मोठ्या कामावर गेला. पैसे पाठवीन म्हणाला. अजून म्हणतोच आहे. म्हणजे खोली माझ्यावर, पोट माझ्यावर आणि टँकरचं पाणी माझ्यावर आलं.

त्याच सुमाराला बायपासला मॉल उघडला. सगळे मॉल म्हणायचे, खरं तर ते मोठं किराणा दुकान. आपल्या हातानं घ्यायचं, ढकलगाडीत टाकायचं, दाराशी बिल करायचं. तिथं बाया ठेवतात असं कळलं म्हणून मी गेले. दारात बघते तर फरशी इतकी लख्ख की मी चपला बाहेर काढल्या. कामावर ठेवलं का, तर ठेवलं. बाहेर येऊन बघते तर चपला गेल्या. वॉचमननं त्या कचऱ्यात टाकल्या होत्या. "दारात कुणी चपला काढतं का?" तो मलाच म्हणाला. अनवाणी घरी गेले, पण नोकरी लागली होती, त्यामुळं तक्रार केली नाही. तिथंच माझी सवय मॉलवाल्यांना कळली असणार.

काम पॅकिंगचं. दुकानाच्या मागं गोडाऊन होतं, त्यात लांब टेबलं. पोत्यातली डाळ, शेंगदाणे, वाटाणे बघून निवडायचे, पिशवीत भरायचे, तोंड चिकटवायचं, स्टिकर लावायचा. मी फार हुशार होते असं नाही. माझे स्टिकर वाकडे लागायचे. माझ्या शेजारी जी बाई होती तिला सगळे आपा म्हणायचे. तिचा नवरा गॅरेजात होता, पाठीच्या दुखण्यानं घरी बसला तेव्हापासून ती इथं. तिचे स्टिकर सरळ. ती माझी पाकिटं बघून म्हणायची, "अगे, ये डाल है की जादूटोना? कैसा बी चिपकाती." मग माझे काढून सरळ लावून द्यायची आणि दिवसभर ऐकवायची.

आता ठेक्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मॉल कंपनीचा होता, पण आम्ही कंपनीच्या नव्हतो. आम्ही ठेकेदाराच्या. पगार तो द्यायचा, हुकूम मात्र मॉलचे मॅनेजर साहेब सोडायचे. अकरा महिने झाले की ब्रेक. ब्रेक म्हणजे हिरवा शर्ट आणि गळ्यातलं कार्ड जमा करायचं, घरी बसायचं, आणि बोलावणं आलं तर पुन्हा नवीन म्हणून लागायचं. वर्ष भरलं की बाई जुनी होते, मग ती हक्क मागते, म्हणून तिला जुनीच होऊ द्यायचं नाही. लग्नात नवरी एकदा झाले, मॉलमध्ये दर वर्षी व्हायचे.

पुन्हा लागताना साहेब स्वतः मुलाखत घ्यायचे. ते वैजापूरकडचे. माणूस वाईट नव्हता, पण चेहरा जराही हलू द्यायचा नाही.

"अनुभव आहे का?"

मी भरलेली तूरडाळ त्यांच्या पाठीमागच्या रॅकवर लागलेली असायची. वाकड्या स्टिकरवरून ओळखू यायची.

"नाय साहेब."

"शिकून घ्याल ना?"

"घेईन की."

असा आमचा दोघांचा खेळ चालायचा. आधीच्या वर्षी झाडूकामावरच्या एका म्हातारीचा ब्रेक झाला, तिला बोलावणंच आलं नाही. ती दर सोमवारी गेटवर येऊन विचारायची, वॉचमन म्हणायचा, कळवतील. तिच्यापेक्षा मी फार तरणी नव्हते. माझा आणि आपाचा ब्रेक संक्रांतीच्या मागोमाग येणार होता. ह्या वेळी घरी पाठवलं की परत बोलावणार नाहीत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडं मेंढी म्हातारी झाली की तिच्याकडं लोक ज्या नजरेनं बघतात ती नजर मी स्वतः वापरलेली आहे.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. हिवाळ्यातच टँकर धावायला लागले. वस्तीत पाण्याचा दिवस आला की घरी कुणीतरी पाहिजेच. पाणी कधी पहाटे यायचं, कधी भर दुपारी. त्या दिवशी कामावर उशीर झाला की अर्धा दिवस कापला जायचा. आम्हाला प्यायला गोडाऊनमध्ये पाण्याचा जार असायचा, तो ठेकेदारानं बंद केला. पाणी घरून आणा म्हणाला. घरी असतं तर आणलं असतं. आमच्या पाठीमागं विकायच्या बाटल्यांचे खोके छतापर्यंत रचलेले, आणि आम्ही जिभेनं ओठ ओले करत वाटाणे भरतोय. मी तर खोक्याला टेकून बसायचे. गार लागायचं.

बिलिंगवर एक पोरगी होती, लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली, बोलायला चटपटीत. तिचा पाण्यापायी अर्धा दिवस कापला गेला तेव्हा ती गोडाऊनमध्ये येऊन बसली. रडली नाही. नाक मात्र लाल.

"मावशी, तुम्ही किती वेळा नवीन लागलात?"

"मोजलं नाय."

"मोजायला पाहिजे. माझे मोठे दीर वाळूजला कंपनीत आहेत, त्यांची युनियन आहे. त्यांना पत्र दिलंय नोकरीचं. त्यांना कुणी म्हणत नाय, शर्ट काढ, घरी जा."

"ते गडी माणूस हायत."

"पाणी भरायला बाई चालते, पत्र घ्यायला गडीच लागतो व्हय?"

मला ती आगाऊ वाटली. हेही मेळाव्यात कुणी सांगत नाही.

तिच्या दिरानं तिला सांगितलं होतं की अर्ज, सह्या, वर्गणी सगळं नंतर. आधी सगळ्या बाया एका गोष्टीवर एक व्हा, मग माझ्याकडं या. पण एक व्हायचं कुठं? गोडाऊनमध्ये कॅमेरा होता. चार डोकी जवळ दिसली की साहेब हजर. सुट्टीच्या दिवशी बोलवावं तर घरचे विचारणार, कुठं चाललीस. बाया तरी कुठं रिकाम्या होत्या?

मग तिनं हळदीकुंकू काढलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. मॉलमध्ये दर वर्षी व्हायचं, गोडाऊनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. कंपनीला ते आवडायचं, मोबाइलवर फोटो पाठवायला बरं. वाण म्हणून मुदत संपत आलेले साबण द्यायचे. आणि मुख्य म्हणजे हळदीकुंकवात गडी माणूस येत नाही. सबंध वर्षात तेवढा अर्धा तास साहेब दाराबाहेर असायचे.

दर वर्षी त्या अर्ध्या तासात मी आणि आपा टेबलाच्या टोकाला वाटाणे भरत बसायचो. मी विधवा, ती मुसलमान. नंतर कुणीतरी आमच्या हातावर तिळगूळ ठेवायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. निदान मी तरी असंच सांगायचे.

"शुक्रवारी तुम्ही पण यायचं," पोरगी म्हणाली. "दोघी."

"माझं काय काम तिथं?"

"काम हाय म्हणून तर बोलावते. ब्रेकचं बोलायचंय. पहिला नंबर तुमचाच हाय ना?"

"मी वाटाणे भरते, तुम्ही बोला."

आपा म्हणाली, "चल गे. हर साल हम दोनोंच वटाने भरते. इस साल वटाने अपने आप भरने दे."

मी नाक मुरडून हो म्हणाले. घरी गेले आणि पेटीतली जांभळी साडी काढली. भावानं दिलेली, दोनदाच नेसलेली. रात्रभर गादीखाली दाबून ठेवली म्हणजे इस्त्री झाल्यासारखी दिसते. तिळाचे लाडू पण केले. बोलावलंय तर हात हलवत कसं जायचं? पाक जरा पुढं गेला. थंड झाल्यावर लाडू वाजायला लागले. एक खाली पडला तर फुटला नाही, घरंगळत शेजारणीच्या उंबऱ्यापर्यंत गेला. तरी सगळे डब्यात भरले.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या पुढच्या टोकाला, आमच्या डबे ठेवायच्या खोलीत, हिरवा शर्ट काढून ठेवला, पदर नीट केला आणि गोडाऊनकडं निघाले. मागच्या बोळातून गेले असते तर कुणाला दिसले नसते. पण जांभळी साडी बोळात कोण बघणार? मी दुकानातून गेले, तांदळाच्या रॅकपासून तेलाच्या रॅकपर्यंत, हातात डबा, मागं आपा. साहेब तेलाजवळच उभे होते. मी त्यांना नमस्कार केला.

वैजापूरकडच्या माणसाला काय कळायचं राहतं? हळदीकुंकवाला विधवा चालली आहे, तीही नटून, आणि तिच्या मागं आपा. शहरातला मॅनेजर असता तर त्याला काही वाटलं नसतं. ह्यांच्या आईनं जन्मभर असल्या दारात पाऊल टाकलं नसणार. ज्या हळदीकुंकवात आम्ही दोघी चालतो ते हळदीकुंकू नाही, एवढं त्यांना तिथल्या तिथं समजलं. सगळ्या बायांनी मिळून एवढा बेत केला, कॅमेऱ्याचा विचार केला, घरच्यांचा केला, आणि हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

आत पोरगी नुकतंच बोलायला उभी राहिली होती. "हे बघा, रविवारी मावशींचा ब्रेक हाय," एवढंच झालं आणि दार उघडलं. साहेब उंबऱ्यावर.

"मावशी, तुम्ही कशा इथं?"

माझ्या तोंडाची वस्तीत ख्याती आहे. टँकरवाला मला घाबरतो. पण त्या वेळी माझ्या तोंडातून निघालं, "मी साडी दाखवाया आले साहेब."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि आपा?"

"मैं साडी देखने आई," आपा म्हणाली.

साहेब हसले नाहीत. दाराला टेकून उभे राहिले. "बरं. चालू द्या. लावा कुंकू, मीही बघतो."

पोरगीच्या हातात करंडा होता. ती माझ्याकडं बघत राहिली, मी तिच्याकडं. बाकी सगळ्या जमिनीकडं. मग ती सरळ पुढं आली आणि तिनं माझ्या कपाळाला आधी हळद लावली, मग कुंकू. नवरा गेल्यावर पहिल्यांदा. लोक विचारतात तेव्हा काय वाटलं. कुंकू नाकावर सांडलं आणि मला शिंक आली, हे वाटलं. शिंक दाबताना डोळ्यांत पाणी आलं, ते बघून दोघीतिघी रडायला लागल्या. मी कशाला सांगू शिंकेचं पाणी आहे म्हणून.

साहेबांचा चेहरा पहिल्यांदा हलला. कुंकू लावू नका असं म्हणायला त्यांच्याकडं कुठला नियम नव्हता, आणि लावा तर त्यांनीच म्हटलं होतं.

आपानं हात पुढं केला. "मेरेकू अत्तर लगाव बेटी. अत्तर में सब चलता."

पोरगीनं तिच्या मनगटाला अत्तर लावलं. लावताना ती तिच्या कानाशी वाकली. मग पुढच्या बाईकडं गेली, हळद लावली, कुंकू लावलं, कानाशी वाकली. मग पुढची. मला वाटलं हल्ली शहरात अशी पद्धत असेल.

मी तिथं काय करणार? डबा उघडला आणि साहेबांपुढं धरला. "तिळगूळ घ्या साहेब, गोड बोला."

संक्रांतीचा तिळगूळ कुणाला नाकारता येत नाही. त्यांनी लाडू घेतला, तोंडात टाकला आणि दाताखाली धरला. एवढंच. पुढं काही होईना. लाडू तुटेना, थुंकता येईना, आणि तोंडात असताना बोलता येईना. ते दारात उभे राहून गाल फुगवून आमच्याकडं बघत राहिले, आणि पोरगी एकेका कपाळाशी थांबत गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला पोचली. नंतर मला कळलं की सबंध मीटिंग त्यातच झाली होती. प्रत्येकीच्या कानात ती एकच सांगत होती: रविवारी शर्ट द्यायचा नाय, कुणीच. मला मात्र तिनं सगळ्यात आधी कुंकू लावलं होतं, तेव्हा ही युक्ती तिला सुचायची होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पॅकिंगवरून उचललं आणि कांदे-बटाट्याच्या काट्यावर एकटीला उभं केलं. जवळ कुणी फिरकलं नाही. फक्त आपा पोतं आणायच्या निमित्तानं आली.

"कल इतवार है, याद है ना?"

काय याद ठेवायचं ते मला माहीत नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर ती चार दिवस चिडवत बसली असती. "व्हय, सगळं याद हाय," मी म्हणाले. एवढं विचारलं असतं तर आज मला नारळ मिळाला नसता.

रविवारी दुपारनंतर साहेबांनी मला पुढच्या काउंटरवर बोलावलं. पगाराचा आठवडा, महिन्याचा किराणा भरायला लोक लेकराबाळांसकट आलेले. बिलाच्या रांगा पार मसाल्यापर्यंत. काउंटरपाशी गेले तर सगळ्या बिलिंगवाल्या हात थांबवून माझ्याकडंच बघत होत्या. मला वाटलं, माया आहे पोरींची, म्हातारी चालली म्हणून बघतात. मी त्यांना हात हलवला. मग शर्ट काढला, घडी घातली, कॉलरसाठी पुन्हा घातली, कार्ड वर ठेवलं आणि दिला.

"येते साहेब."

बिलाच्या मशिनीचा टुकटुक आवाज बंद पडला. पोरगी काउंटर सोडून आली.

"मावशी, हे काय केलं?"

"काय केलं? ब्रेक हाय ना."

"शर्ट द्यायचा नव्हता."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना सांगितलं. कानात."

"माझ्या कानात नाय सांगितलं."

आपा तिथंच उभी होती, तिचाही नंबर होता. तिनं घडी घातलेल्या शर्टाकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला. इसने तो इस्त्री करके दे दिया."

"आपा, तुमचा," माझा शर्ट काउंटरवर ठेवत साहेब म्हणाले.

"नै देती."

"मावशींनी दिला. त्या तुमच्यापेक्षा मोठ्या, त्यांची काही तक्रार नाही. तुम्हाला काय अडचण आहे?"

माझाच शर्ट पुढं करून ते सगळ्यांना गप्प करत होते. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण जमीन म्हणजे ती लख्ख फरशी. रांगेतला एक माणूस म्हणाला, "ताई, बिल करा की, आइस्क्रीम वितळतंय."

पोरगी क्षणभर माझ्या शर्टाकडं बघत राहिली. मग तिनं आपला शर्ट कुडत्यावरून डोक्यातून ओढून काढला आणि माझ्या शर्टावर ठेवला.

"एकीचा घेतला ना साहेब, मग सगळ्यांचा घ्या. आम्ही सगळ्याच नवीन लागतो."

"हा काय तमाशा आहे? काउंटरवर जा."

"कसं जाऊ? मला अनुभव नाय. बिल कसं करतात ते शिकावं लागंल."

मग एकेक बाई उठली. कुणी कुडत्यावरचा, कुणी साडीवरचा, शर्ट काढून त्या ढिगावर टाकला. पॅकिंगच्या बाया आतून आल्या. आपा म्हणाली, "अब अकेली रखके क्या करूँ," आणि तिनंही टाकला. ढीग काउंटरवरून घसरून खाली आला. माझा सगळ्यांत खाली, घडी घातलेला.

आम्ही बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो. आत लोक भरलेल्या गाड्या सोडून निघाले. काही ओरडले, आमच्यावरच. एक बाई जाताना आम्हाला पाण्याची बाटली देऊन गेली, ती तिनं आत घेतलेली आणि बिल न केलेली होती. वॉचमननं दुसरीकडं बघितलं. कचऱ्यात टाकलेल्या चपलांची आठवण मी त्याला तेव्हा करून दिली.

अंधार पडायच्या आत ठेकेदार गाडी घेऊन आला. आधी दम दिला, मग हात जोडले, कारण आत दूध आणि भाजी खराब होत होती. कुणाचाच ब्रेक नाही, शर्ट घाला, असं शेवटी म्हणाला. ढिगातले शर्ट कुणाचे कुणाला गेले. मला आला तो गुडघ्यापर्यंत.

दुसऱ्या आठवड्यात पोरगीच्या दिराच्या मदतीनं युनियनचे अर्ज भरले. पुढं लेबर ऑफिसच्या चकरा, त्या पुष्कळ झाल्या. एकदा मला साक्षीला उभं केलं. साहेबानं, म्हणजे ऑफिसातल्या अधिकाऱ्यानं, विचारलं, "शर्ट काढायला तुम्हाला कुणी भाग पाडलं?"

"कुणी नाय. मी घडी घालून दिला."

कंपनीचा वकील खूष झाला. बाई स्वतःहून नोकरी सोडून गेल्या, हे लिहून घ्या म्हणाला. आमच्या बाजूनं पोरगीचा दीर आला होता, त्यानं डोळे मिटले.

"नेहमी देता?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"दर साली. ते घेतात, आम्ही देतो. मग परत बोलावतात, विचारतात अनुभव हाय का. मी म्हणते नाय."

त्यानं पेन थांबवलं. "तुम्हाला किती वर्षं झाली अनुभव नसल्याला?"

मी बोटांवर मोजायला लागले. एक हात संपून दुसऱ्यावर गेले तसा वकील खाली बसला.

ह्यानंतरही बरंच लांबलं. दोघी कंटाळून सोडून गेल्या. शेवटी बिलिंग आणि पॅकिंगच्या बायांना कंपनीनं स्वतःची पत्रं दिली, ब्रेक बंद झाला, पाण्याचा जार परत आला. पत्रांत माझं नव्हतं. वय झालंय म्हणाले. तेव्हा आपानं आपलं पत्र टेबलावर परत ठेवलं आणि साहेबांना समजावलं, "इसकू बाहर रखा तो ये रोज मेरे घरकू आके बैठेगी. मेरा मियाँ पहलेच बीमार है." बाकीच्यांनीही आपापली पत्रं परत ठेवली. मला पत्र मिळालं ते असं. माझ्या कामाचं कुणी काही म्हटलं नाही. स्टिकर शेवटपर्यंत वाकडेच लागत होते.

झाडूवाल्या बाया अजून ठेकेदाराकडंच आहेत. त्यांना अजून ब्रेक मिळतो. मेळाव्यात हे मी दर वर्षी उठून सांगते, तेव्हा टाळ्या जरा कमी वाजतात आणि जेवणाची घोषणा होते. यंदा एका झाडूवालीला मी माझ्या शेजारच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. तिचा ब्रेक पुढच्या महिन्यात आहे. भाषणं चालू होती तोवर मी तिच्या कानाशी वाकले आणि काय करायचं ते सांगितलं. मग तिच्याकडून परत म्हणवून घेतलं, दोनदा. ती म्हणाली, "मावशी, मी काय बहिरी हाय का?"

"नसशील," मी म्हणाले. "तरी एकदा म्हण."

कंपनीच्या नावाचा शर्ट मला पुढं मिळाला, तो अजून आहे. पाण्याच्या दिवशी पिंप पुसायला काढते. ठेकेदाराच्या शर्टाचं कापड जास्त चांगलं होतं, पण तो मी देऊन बसले.